पडलेली वाडी आणि मुंबईची नोकरी

दिनांक ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यालगत जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर होता आणि मधूनमधून येणारे झोत त्याहूनही अधिक होते. सायंकाळी वारा पडल्यावर लोक घराबाहेर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड व दापोली या तालुक्यांतील कित्येक वाड्यांत पाऊल ठेवण्यास जागा उरली नव्हती. माड मुळांसकट उपटून पडले होते. पोफळी कमरेत मोडून एकमेकींवर आडव्या झाल्या होत्या. घरांवरची कौले व पत्रे शेजारच्या आगरात जाऊन पडले होते. आजोबांनी लावलेली व वडिलांनी शिंपलेली झाडे काही तासांत गेली, आणि त्यानंतर कित्येक दिवस वीजही आली नाही.

त्या वर्षीच्या नुकसानीला आणखी एक बाजू होती. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली होती. मुंबई-ठाण्यातील कामे थांबल्यामुळे मे महिन्यात हजारो चाकरमानी कोकणात आपापल्या गावी परतले होते. त्यांपैकी अनेकांच्या मनात नोकरीचा नाद सोडून घरची वाडी करावी असा विचार मूळ धरू लागला होता. तो पक्का होण्यापूर्वीच वाडी आडवी झाली. नोकरी थांबलेली आणि वाडी पडलेली अशा दोन्ही बाजू एकाच वेळी रिकाम्या झाल्यामुळे कोकणातील घराघरांत जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला : मुलाने मुंबईस परत जावे की गावी राहून स्वतःचा धंदा करावा?

पुष्कळ घरांत त्या आठवड्यातच या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले गेले. कोणी म्हणाले की वाडीत आता काही उरले नाही, पगाराचीच वाट धरावी. कोणी म्हणाले की परक्याची चाकरी पुरे झाली, मोडले तरी आपले ते आपले. ही दोन्ही उत्तरे दुःखाच्या भरात दिलेली होती. कोणत्याही उत्तराच्या आधी जे मोजावयास हवे होते, ती म्हणजे वाडी किती वर्षे रिकामी राहणार यातील वर्षे, ती फारच थोड्यांनी मोजली.

वारा, खारे पाणी आणि गोडे पाणी

वादळाचे नुकसान एकाच प्रकारचे नसते, म्हणून त्याचा अंदाजही एकाच मापाने करता येत नाही. वाऱ्याने झाड मोडते. समुद्राच्या उधाणाने बांध फुटतो आणि खारे पाणी जमिनीत शिरते. अतिवृष्टीने नदीचे गोडे पाणी चढते व गाळ आणून टाकते. या तिन्हींतून सावरण्यास लागणारा काळ अगदी भिन्न आहे.

माड आणि पोफळ या झाडांना वाढीचा कोंब एकच असतो आणि तो शेंड्यात असतो. शेंडा मोडला की झाड संपले. खाली कितीही हिरवे खोड उभे असले तरी त्यास नवी फूट येत नाही. ही गोष्ट माहीत असूनही पुष्कळ बागायतदार आशेपोटी अशी खोडे उभी ठेवतात व वर्ष दवडतात. आंबा-काजूचे तसे नाही. त्यांची मोडलेली फांदी करवतीने साफ कापून जखमेवर बोर्डो मलम लावले तर झाड पुन्हा फुटते, आणि पडलेले लहान कलमही पानांचा भार कमी करून, मुळे ओल्या मातीने झाकून व टेकू देऊन पहिल्या काही दिवसांतच सरळ केले तर वाचते. माड-पोफळीची कलती झालेली लहान रोपेही याच रीतीने उभी करता येतात. मोठे झाड मात्र उभे करण्याच्या खटाटोपात शक्ती घालवू नये.

खाऱ्या पाण्याच्या बाबतीत वादळाचा महिना कोणता, यावर सर्व काही अवलंबून असते. ‘निसर्ग’ वादळ पावसाळ्याच्या तोंडावर आले. त्यामुळे खार जमिनीत समुद्राचे पाणी शिरले असले तरी पुढचे चार महिने पाऊस ते धुऊन काढण्यास हजर होता. उलट ‘फयान’ हे वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे पाऊस संपल्यावर, कोकणच्या किनाऱ्यावर आले. अशा वेळी जमिनीत शिरलेला खार पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो आणि उन्हाळ्यात तो पृष्ठभागावर पांढरा फुटतो. बाहेरकाठा फुटला असेल तर इतर कशाच्याही आधी तो बांधून घ्यावा व उघाडीच्या झडपा नीट बसतात की नाही हे पाहावे. त्यानंतर खाचरात पावसाचे पाणी कोंडून ठेवावे आणि ओहोटीच्या वेळी ते उघाडीतून सोडून द्यावे. असे दोन-तीन वेळा केल्याने वरच्या थरातील खार बराच उतरतो. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नव्हे. एकाने बांध घातला आणि शेजाऱ्याने उघडा ठेवला तर दोघांचीही जमीन खारीच राहते. अशा खाचरात भात लावताना पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या ‘पनवेल’ मालिकेतील क्षार सोसणाऱ्या जातींचा विचार करावा. माड थोडाफार खार सोसतो, पोफळ सोसत नाही. म्हणून जेथे वाडीतच खारे पाणी आले असेल तेथे पोफळीच्या आळ्यांतून पाणी काढण्यास प्रथम लागावे. विहिरीत समुद्राचे पाणी गेले असेल तर ती उपसून घ्यावी आणि पिण्याच्या पाण्यात विरंजक चूर्ण टाकल्याशिवाय ते वापरू नये.

गोड्या पाण्याच्या पुराचे उदाहरण २२ जुलै २०२१ चे आहे. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि सावित्रीचे महाडात शिरले. ते चक्रीवादळ नव्हते, मोसमी पाऊसच होता. परंतु किनाऱ्यावरच्या माणसाने वाऱ्याइतकीच नदीचीही भीती बाळगावी हे त्याने दाखवून दिले. पुरानंतर झाडांच्या बुंध्याशी बसलेला गाळ काढून आळी मोकळी करणे व साचलेल्या पाण्यास चर काढून वाट देणे, एवढे केले की गोड्या पाण्यातून बाग बहुधा लवकर सावरते.

पडलेली खोडे हा दुसरा शत्रू

वादळानंतर वाडी साफ करणे हे कष्टाचे, खर्चाचे व कंटाळवाणे काम होय. ‘निसर्ग’नंतर यांत्रिक करवती व त्या चालविणारी माणसे यांची एवढी टंचाई झाली की अनेकांनी खोडे जागच्या जागी कुजू दिली. यात मोठा धोका आहे. माडाच्या कुजक्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या हुमणीसारख्या पांढऱ्या अळ्या तेथेच पोसल्या जातात आणि काही महिन्यांनी त्यांतून निघालेले भुंगे उरल्यासुरल्या माडांचा कोंब कुरतडू लागतात. खोडावरच्या जखमांकडे सोंड्या भुंगा ओढला जातो, आणि तो आत शिरला की बाहेरून फारसे काही न दिसता झाड आतून पोखरले जाते. म्हणजे वाऱ्यातून वाचलेले झाड मालकाच्या आळसाने मरते. खोडांचे तुकडे करून ती वाडीबाहेर काढावीत. जी उपयोगी असतील त्यांचे खांब, वासे व पाटाच्या फळ्या कराव्यात आणि उरलेली जाळण्यास वापरावीत. उभ्या झाडांच्या जखमा डांबराने अथवा बोर्डो मलमाने बंद कराव्यात.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पोफळ हे सावलीत वाढलेले झाड आहे. आजूबाजूचे माड पडल्यावर दुपारनंतरचे नैर्ऋत्येकडील ऊन उरलेल्या पोफळींच्या खोडांवर थेट पडते, साल करपते, तेथे चीर जाते आणि काही काळाने झाड त्याच ठिकाणी मोडते. म्हणून दक्षिण व पश्चिम बाजूस त्याच वर्षी केळी लावाव्यात. केळीपासून वर्षभरात काही पैसाही मिळतो, पण तिचे पहिले काम सावलीचे आहे. उरलेल्या पोफळींवर पावसाळ्यात कोळे रोग येऊ नये म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. त्यासाठी एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून शंभर लिटर पाण्यात मिश्रण तयार करावे. मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजावे.

वर्षांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. नव्याने लावलेली पोफळ साधारणपणे सहा-सात वर्षांनी फळ धरते आणि पूर्ण उत्पन्नास आणखी काही वर्षे लागतात. ‘बाणवली’ माडासही तेवढाच काळ लागतो. संकरित जाती त्यापेक्षा दोन-एक वर्षे लवकर येतात. म्हणजे २०२० च्या पावसाळ्यात ज्याने लावणी केली त्याला २०२६-२७ च्या सुमारास पहिली फळे, आणि ज्याने ती एक वर्ष पुढे ढकलली त्याला त्यानंतर एक वर्षाने. या मधल्या काळात घर कशावर चालवावयाचे, हा खरा प्रश्न होय.

उदाहरणासाठी एका काल्पनिक घराचा हिशेब मांडू. वीस गुंठ्यांची मिश्र वाडी आहे आणि चांगल्या वर्षी खर्च वजा जाता तिच्यापासून १,२०,००० रुपये मिळत असत असे समजा. वादळानंतर ते ४०,००० वर आले. गावच्या घराचा वार्षिक खर्च १,००,००० आहे, म्हणजे तूट ६०,००० रुपयांची. मुलगा मुंबईस गेला आणि त्याला महिना १५,००० पगार मिळाला, त्यातून खोलीभाडे, जेवण व प्रवास यांचे ९,००० गेले, तर वर्षाला ७२,००० रुपये घरी येतील. तूट भरून १२,००० उरतील. कागदावर नोकरीची बाजू जिंकलेली दिसते.

परंतु मुलगा गेल्यावर वाडीत काम कोण करणार? आईवडील थकलेले असतील आणि साफसफाई, खड्डे व शिंपणे यांसाठी वर्षातून शंभर दिवस चारशे रुपये रोजाने गडी लावावा लागला तर ४०,००० रुपये तेथेच गेले. बारा हजारांच्या शिलकीऐवजी अठ्ठावीस हजारांची तूट झाली. बहुतेक घरांत यातून एकच गोष्ट घडते : गडी लावला जात नाही, वाडी तशीच पडून राहते आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणत चार पावसाळे जातात. या दिरंगाईची किंमत कोणी मांडत नाही. वाडीचे पूर्ण उत्पन्न जेवढी वर्षे उशिरा येईल तेवढ्या वेळा ८०,००० रुपये हातचे गेले, असे साध्या वजाबाकीने दिसते.

हाच मुलगा गावी राहिला तर? त्याने झाडे कापणे, नारळ-सुपारी पाडणे, घरे शाकारणे अशी कामे दीडशे दिवस पाचशे रुपये रोजाने केली तर ७५,००० रुपये मिळतील. त्याच्या खाण्यापिण्याचे १५,००० घरखर्चात वाढवले तर जमाखर्चाची तोंडे नेमकी मिळतात, शिल्लक शून्य. नोकरीच्या मानाने महिना हजार रुपये कमी पडले, पण लावणी त्याच पावसाळ्यात झाली. येथे एक सावधगिरी मात्र हवी. वादळानंतरच्या पहिल्या वर्षी गावात अशी कामे भरपूर असतात, दुसऱ्या वर्षी ती आटतात. पहिल्या वर्षाच्या मजुरीवर सहा वर्षांचे बेत रचणाऱ्याची फसगत होते.

प्रत्येक घराने यांत आपले स्वतःचे आकडे घालून पाहावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही तयार सल्ला देण्याऐवजी बागायतदाराजवळ बसून अशी चार ओळींची मांडणी करून दिली तर ते अधिक उपयोगाचे होईल. वाडीत राबणारी माणसे घरात किती आहेत, या एका आकड्याने बहुधा उत्तर बदलते.

नोकरी किती पक्की

नोकरी म्हणजे निश्चिंती आणि वाडी म्हणजे जोखीम, ही समजूत कोकणात खोलवर रुजलेली आहे. तिला आधारही आहे. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर कोकणातील पिढ्या वाढल्या. पण १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लक्ष कामगारांच्या घरी येणारा पगार थांबला. त्यांतील अनेक गिरण्या पुन्हा कधीच पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत तर महिन्याभराची सूचनाही न मिळता कामे गेली. पगारावरही वादळे येतात.

तरी दोन्ही वादळांत एक फरक आहे व तो नाकारण्यात अर्थ नाही. गेलेली नोकरी सहा महिन्यांनी दुसरीकडे मिळू शकते. गेलेला माड सहा महिन्यांत कोठेही मिळत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता नोकरी साठाव्या वर्षी संपते, आणि पोफळ चांगली राखली तर चाळीस-पन्नास वर्षे फळ देते. तरुणपणी पगाराची व उतारवयात वाडीची गरज असणाऱ्या माणसाला ही दोन परस्परविरोधी साधने वाटण्याचे काही कारण नाही. मध्यंतरीची सहा वर्षे पगारावर काढून वाडी उभी करता येते, मात्र लावणी पगाराची वाट पाहत थांबता कामा नये.

मधली वर्षेही अगदी कोरडी जाण्याचे कारण नाही. सुरण व भाजीपाला पहिल्याच हंगामात, केळी वर्षभरात, अननस दीड-दोन वर्षांत, मिरीचे वेल तिसऱ्या वर्षापासून आणि दालचिनी चौथ्या वर्षाच्या सुमारास पैसा देऊ लागते. माडांमध्ये मिरी, दालचिनी व जायफळ घेण्याची ‘लाखी बाग’ रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने प्रत्यक्ष करून दाखविली आहे, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ व जायफळाची ‘कोकण सुगंधा’ या जाती दिल्या आहेत. एकाच जातीच्या झाडांवर विसंबलेली वाडी एका वाऱ्यात जाते. जमिनीलगतचा सुरण व अननस त्याच वाऱ्यात टिकतो. ज्यांच्या वाडीत जातिवंत माड उभे राहिले आहेत त्यांना रोपांचा धंदाही करता येईल. वादळानंतर रोपांस मागणी असतेच. मात्र १९६९ च्या कायद्यान्वये फळझाडांच्या रोपवाटिकेस परवाना लागतो, तो आधी घ्यावा. वाटेल त्या नारळाचे रोप विकणाऱ्याचे पाप सात वर्षांनी उघड होते, तेव्हा गिऱ्हाइकाला त्याचा काही उपयोग राहत नाही.

पंचनाम्यात न येणारी माणसे

‘निसर्ग’नंतर राज्य शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. रक्कम पूर्वीच्या दरापेक्षा वाढवलेली होती, परंतु कोकणातील वाडी हेक्टरांत मोजली जात नाही. दहा गुंठ्यांच्या वाडीत शिफारशीच्या अंतराने सुमारे १३५ पोफळी बसतात, आणि त्या सर्व पडल्या तरी हेक्टरी दराने मालकाच्या हाती पाच हजारांच्या आसपासच रक्कम येते. बागायतदारांनी हे निदर्शनास आणल्यावर झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. यावरून कार्यकर्त्यांनी घ्यावयाची गोष्ट अशी की पंचनाम्यात क्षेत्राबरोबर झाडांची संख्या, जात व वय लिहून घ्यावे. बागायतदाराने तर वादळाची वाट न पाहता दरवर्षी मे महिन्यात आपल्या झाडांची मोजदाद वहीत लिहून ठेवावी, छायाचित्रे काढून ठेवावीत आणि विम्याची चौकशी तालुक्याच्या कृषी कार्यालयात हंगामापूर्वीच करावी. सातबाऱ्यावर चुलत्यांची व काकांची नावे सामाईक असतील तर मदत कोणाच्या खात्यात जमा व्हावयाची याचे संमतिपत्रही आधीच करून ठेवलेले बरे. भाऊबंदकीत अडकलेली मदत वादळापेक्षा अधिक मने मोडते.

सुपारी सोलून रोज मिळविणाऱ्या बायका, नारळ पाडणारे, झावळ्यांची झापे विणणारे यांच्या नावावर एकही झाड नसते. त्यामुळे पंचनाम्याच्या कोणत्याही रकान्यात त्यांचा उल्लेख येत नाही, आणि वाडी पडली की त्यांचाही रोजगार सहा-सात वर्षांसाठी जातो. साफसफाईची, खड्ड्यांची व केळी-सुरणाच्या लागवडीची कामे प्रथम यांना मिळतील असे गावाने पाहावे. मुंबईस जावे की नाही हा पर्यायही यांच्यापैकी पुष्कळांपुढे नसतो.

वादळानंतर लावणीचा हंगाम हुकला असे समजून पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. तसे समजू नये. जेथे पाणी साचते अशा सखल वाडीत जूनमध्ये लावलेले रोप कुजण्याचीच भीती असते. तेथे पावसाचा जोर ओसरल्यावर भाद्रपदात लावणी करणे अधिक चांगले. जून ते ऑगस्ट खोडे काढण्यात व खड्डे भरण्यात जातात, तेवढा वेळ त्या कामास पुरतो. माडासाठी साडेसात मीटरांवर एक मीटर खोल, रुंद व लांब असा खड्डा, आणि पोफळीसाठी पावणेतीन मीटरांच्या सुमारे अंतरावर साठ सेंटिमीटरांचा. चाकरमानी गणपती झाल्यावर मुंबईस परततात. ज्यांना जावयाचेच आहे त्यांनी यंदा आणखी पंधरा-वीस दिवस थांबावे, रोपे लावून त्यांना झावळ्यांची सावली करून द्यावी आणि उन्हाळ्यात ती कोण शिंपणार हे घरात नाव घेऊन ठरवून मग गाडीत बसावे.